लगोरीचं अकरावं कलम

आमच्या लगोरी लीगचा पहिला मोसम १९ जानेवारी २०२५ ला, रविवारी दुपारी संपला. त्याच संध्याकाळी दिल्लीत खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाचे अंतिम सामने झाले. भारताच्या महिलांनी नेपाळला ७८-४० असं हरवलं, पुरुषांनी ५४-३६ असं. दोन्ही सामने आम्ही पंधरावीस जणांनी एकत्र बसून पाहिले, मैदानावरून आलो तसेच, धुळीच्या पायांनी.

बडोद्याच्या माणसाला हा योग जवळचा वाटणारच. खो-खोचे नियम पुण्यात १९१४ साली घालायला घेतले, आणि १९२४ साली बडोद्याच्या जिमखान्यानं आपले नियम छापले. हुतूतूची अखिल भारतीय स्पर्धा हिंदविजय जिमखान्यानं १९२३ मध्ये भरवली, तीही इथंच. दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी व्यायामाचा दहा खंडांचा मराठी ज्ञानकोश याच शहरात बसून पुरा केला. अंगणातले खेळ मोजूनमापून कागदावर आणायची खोड या गावाला जुनी आहे.

हे आधी सांगते, कारण लीग सुरू करताना आम्हाला सगळ्यांत जास्त वेळा ऐकावं लागलेलं वाक्य होतं, "पोराटोरांच्या खेळाला कसले आलेत नियम?" खो-खोही एके काळी पोराटोरांचाच होता. कुणीतरी बसून मैदान आखलं, वेळ ठरवली, पंच नेमला, म्हणून मोठी माणसं तो मान वर करून खेळू शकली. सोसायटीच्या सहलीत 'जरा गंमत' म्हणून खेळलेली लगोरी एका रविवारापुरती असते. दुसऱ्या रविवारी कुणी येत नाही. मोठ्या माणसाला खेळायचं असेल तर हरणं-जिंकणं खरं असावं लागतं, असं माझं ठाम मत झालं आहे, आणि ते या एका मोसमानं झालं.

कल्पना आमच्या ओळखीतल्या एका मुलाची. तो नोकरीनिमित्त काही वर्षं अमेरिकेत होता आणि तिथं किकबॉल खेळायचा. किकबॉल हा तिकडचा शाळेच्या मैदानावरचा खेळ. मोठा रबरी चेंडू जमिनीवरून घरंगळत टाकायचा, समोरच्यानं तो लाथाडायचा आणि बेसबॉलसारखं एका तळावरून दुसऱ्या तळाकडे पळायचं. सिनसिनाटीच्या क्रीडांगणांवर देखरेख करणाऱ्या निकोलस स्यूस यांनी तो १९१७ च्या सुमारास मांडला. मुलं तो खेळतच होती, पण १९९८ मध्ये वॉशिंग्टनमध्ये मोठ्यांसाठी संघटना उभी राहिली आणि नोकरदार माणसं संघ करून, वर्गणी भरून, गुणतक्ता ठेवून तो खेळायला लागली. हा मुलगा परत आल्यावर आम्हाला म्हणाला, "तिकडे चाळिशीची माणसं लाथेनं चेंडू मारायला संध्याकाळी मैदानावर येतात. आपल्याकडे लगोरी आहे की."

माझी लगोरी सातवीत असताना बंद झाली होती. कुणी रागावलं नाही, मारलं नाही. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याच्या चौकात रोज संध्याकाळी डाव पडायचा. एका संध्याकाळी आई म्हणाली, "आता पुरे हं तुझं," आणि ते पुरेच झालं. भाऊ माझ्याहून मोठा, तो दहावीपर्यंत खेळला. मी गॅलरीतून बघायचे आणि वरून ओरडून सांगायचे, मागून येतोय बघ. माझ्या वयाच्या बडोद्यातल्या कितीतरी बायका हेच सांगतील. त्यामुळे निरोप आला तेव्हा मी विचार करायला वेळ घेतला नाही. पंचेचाळिशी जवळ आली होती, दिवसभर हिशेबाच्या खात्यात खुर्चीवर बसून काम, तरी पहिल्या यादीत माझं नाव होतं. नवऱ्यानं विचारलं, "झेपेल ना?" सासूबाई म्हणाल्या, "झेपवेल ती." मग त्याच आमच्या लीगच्या गुणलेखक झाल्या. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या बाईंचं अक्षर गुणतक्त्यात उतरल्यावर सामन्याला एकदम भारदस्तपणा आला.

सहा संघ जमले. अर्धी माणसं जुन्या वाड्यांतली, आता मांजलपूरला किंवा गोत्रीकडे फ्लॅटमध्ये गेलेली. उरलेले गुजराती शेजारी, जे याच खेळाला सतोडियुं म्हणतात, आणि एक इंदूरहून लग्न होऊन आलेली वहिनी, तिचा सितोलिया. वयाची अट किमान तीस. सात जणांच्या संघात तीन तरी बायका हव्यात, हे पहिल्याच दिवशी ठरलं आणि त्यावर कुणी हूं की चूं केलं नाही.

वाद नियमांवर झाला, आणि तो इतका रंगला की मला वाटतं लीगचा खरा पहिला सामना तोच होता.

सात दगड, एक चेंडू, दोन बाजू. एका बाजूनं लगोरी फोडायची आणि पुन्हा रचायची, दुसरीनं त्यांना चेंडू मारून बाद करायचं. इथपर्यंत एकमत. त्यापुढे प्रत्येक वाड्याची लगोरी वेगळी निघाली. आमच्याकडे एकाला चेंडू लागला की सगळा डाव गेला. राजमहाल रोडकडच्यांत ज्याला लागला तो एकटा बाहेर. कुणाकडे लगोरीवरून उडालेला चेंडू एका टप्प्यावर झेलला तर फेकणारा बाद, कुणाकडे थेट झेलच हवा. कुणी पाठीत धपका चालतो म्हणालं, कुणी फक्त पायांवर. एक काका तावातावानं म्हणाले की चेंडू हातात घेऊन पळत जाऊन मारायचा हाच खरा खेळ. त्यांना सगळ्यांनी मिळून खाली बसवलं, कारण तसं केलं तर सर्वांत वेगानं पळणारा एकटाच खेळतो आणि बाकीचे सहा नुसते उभे राहतात. चेंडू हातात असताना पाऊल उचलायचं नाही, साथीदाराकडे फेकायचा, हे आमचं चौथं कलम. माझ्या मते सगळ्या कागदातलं सर्वांत चांगलं कलम तेच. त्यानं लगोरी हा एकट्यादुकट्याचा खेळ न राहता संघाचा झाला.

किती दगड पडले म्हणजे लगोरी फुटली, यावर तर एक पूर्ण संध्याकाळ गेली. लहानपणी हा प्रश्न आला नव्हता, कारण तेव्हा सगळे जीव खाऊन चेंडू हाणत. मोठी माणसं डोकं चालवतात. नेम चांगला असलेला माणूस फक्त वरचा एक दगड अलगद उडवणार, पुढच्या क्षणी उचलून ठेवणार आणि लगोरी म्हणून ओरडणार. डाव तिथंच संपला. शेवटी ठरलं की कमीत कमी चार पडलेच पाहिजेत, नाहीतर ती फेक फुकट. या एका आकड्यानं फेकण्याची कला बदलली. फार जोरात मारलं तर सातही दूरवर उधळतात आणि गोळा करता करता जीव जातो. फार हळू मारलं तर तीनच पडतात. खालून तिसऱ्या-चौथ्या चकतीवर, मधल्या जोरानं चेंडू बसला की वरच्या चकत्या तिथल्या तिथे ढासळतात. ते जमायला आम्हाला महिना लागला.

चकत्या म्हटलं, कारण दगड आम्ही पहिल्याच सरावात सोडले. वाड्यात फुटक्या फरशीचे आणि कौलांचे तुकडे असत. त्यांची एक बाजू नेहमी धारदार असते, आणि आता त्या बोटांना दुसऱ्या दिवशी संगणकावर काम करायचं असतं. सुताराकडून लाकडी चकत्या करून घेतल्या, खालची रुंद, वरची तळहाताएवढी. चेंडूवरही प्रयोग झाले. टेनिसचा चेंडू वाऱ्यावर भरकटतो, क्रिकेटचा रबरी चेंडू वळ उठवतो. हवा भरलेला, मुठीत जेमतेम मावणारा मऊ रबरी चेंडू नक्की केला. वेळेचा हिशेब खो-खोकडून घेतला, नऊ मिनिटांचा एक डाव. लगोरी रचली तर पाच गुण, भिडू बाद केला तर राखणाऱ्यांना एक.

लागला की नाही लागला, या भांडणाचं काय करायचं? लहानपणी निम्मी संध्याकाळ त्यातच जायची, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं ठरायचं. दोन पंच ठेवले तरी सात जणांच्या पळापळीत पंचाला सगळं दिसत नाही. तेव्हा सासूबाईंनी नववं कलम सुचवलं: पंचाला दिसलं नसेल तर त्यानं ज्याच्यावर चेंडू मारला त्यालाच विचारावं, आणि त्याचं उत्तर अंतिम मानावं. कपड्याला लागला तरी लागला. काही जण म्हणाले की असं केलं तर सगळेच खोटं बोलतील. त्या म्हणाल्या, "चाळीस माणसांसमोर, चेंडूला का? बघू या."

अकरावं कलम त्या वेळी पटकन मंजूर झालं. पुरुष खेळाडूनं स्त्री खेळाडूवर चेंडू हात खांद्याच्या खाली ठेवून, हळू टाकावा. कुणाचाही हेतू वाईट नव्हता. एका कर्णधारानं अगदी कळकळीनं विचारलं होतं, कुणाला लागलं तर तिच्या घरी काय सांगायचं? आम्ही बायका एकमेकींकडे बघून गप्प राहिलो, कारण खेळायला मिळत होतं.

ऑगस्ट २०२४ च्या शेवटी विश्वामित्रीला पूर आला. ज्या शाळेनं मैदान द्यायचं कबूल केलं होतं तिथं पाणी ओसरल्यावर गाळाचा थर बसला होता. तो वाळून तडकेपर्यंत सप्टेंबर गेला, मग नवरात्र. नवरात्रात बडोद्यात कुणाला मैदानावर बोलावण्यात अर्थ नसतो, सगळं शहर गरब्यात असतं. त्यामुळे सराव दसऱ्यानंतर, दिवाळीच्या तोंडावर सुरू झाला. नऊ रात्री गरबा खेळून आलेल्यांचे पाय तयार होते, आणि ते ताबडतोब कळत होतं.

लगोरी पळण्यापेक्षा बसण्या-उठण्याचा खेळ आहे, हे मोठेपणी समजतं. चकती ठेवायला खाली जायचं, चेंडू येतोय हे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचं आणि त्याच क्षणी उठून बाजूला व्हायचं. मांड्या भरून येतात, घोटे कुरकुरतात. आमच्या संघात एक फिजिओथेरपिस्ट मुलगी होती. तिनं आधी पंधरा मिनिटं अंग सैल करून घेतल्याशिवाय कुणाला चेंडूला हात लावू दिला नाही. कमरेतून वाकायचं नाही, उकिडवं बसायचं, एक पाय पुढे, टाच उचललेली, म्हणजे कुठल्याही दिशेला सुटता येतं. तिनं हे शिकवलं नसतं तर आमचा संघ डिसेंबर बघता ना.

रचण्याचंही तंत्र बसत गेलं. सगळ्यांनी चकत्यांवर तुटून पडलं तर राखणाऱ्यांना एकाच जागी सातही सावज मिळतात. म्हणून दोघं रचणार, एक जण विखुरलेल्या चकत्या पायानं जवळ ढकलणार, आणि उरलेले चार हूल देणार. हुलकावणी देणाऱ्याचं काम मला फार आवडायचं. राखणाऱ्याच्या हातात चेंडू आहे, त्याला पाऊल उचलता येत नाही, आणि आपण त्याच्यासमोर चार हातांवर नाचतोय. त्यानं मोह होऊन मारलं आणि चुकलं, तर चेंडू लांब जातो आणि मागे रचणाऱ्यांना पाचसात सेकंद मिळतात. तेवढ्यात तीन चकत्या चढतात. राखणाऱ्यांनी मोह आवरायचा असतो. चेंडू तिघांत फिरवत ठेवायचा आणि रचणाऱ्याची पाठ वळली की मारायचा. चांगला राखणारा संघ बघताना डोळ्यांचं पारणं फिटतं.

सामने डिसेंबरात सुरू झाले, रविवारी सकाळी. थंडी असायची, धुकं उतरलेलं असायचं, आणि पहिल्याच रविवारी दोनशेच्या आसपास माणसं बघायला आली. घरचे, शेजारी, जवळच्या सोसायटीतले, आणि मुलं. मुलांना आईबाबा खेळताहेत आणि आपण कडेला बसलोय ही गोष्ट नवी होती. माझा मुलगा पहिले दोन सामने मोबाइलवर होता. तिसऱ्यात तो रेषेवरून ओरडत होता, "आई, मागे! मागे!"

पण त्या सामन्यांत एक गोष्ट मला खुपायला लागली. बायकांवर चेंडू येतच नव्हता. कलमाप्रमाणे हळू, खालून टाकलेला चेंडू चुकवायला काही लागत नाही, दोन पावलं सरकलं की झालं. त्यामुळे पुरुष राखणारे आमच्याकडे बघतच नसत. हे आमच्या कर्णधाराच्या लगेच लक्षात आलं. त्यानं रचायला आम्हा तिघींनाच पाठवायला सुरुवात केली. कलमाच्या आत राहूनच होतं ते, त्यात लबाडी नव्हती. समोरच्या पुरुषांनी चेंडू हातात धरून ठेवायचा, आपल्या संघातली बाई कुठे आहे ते शोधायचं, तिच्याकडे फेकायचा, तोवर आम्ही पाच चकत्या लावलेल्या असायच्या. लागोपाठ दोन सामने आम्ही असे जिंकले. तिसऱ्या सामन्यापर्यंत सहाही संघ तेच करत होते.

जिंकल्याचा आनंद होता, नाही कशाला म्हणू? पण घरी येताना मन भरलेलं नसायचं. एका सामन्यानंतर समोरच्या संघातली एक गुजराती मैत्रीण माझ्या शेजारी बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. ती म्हणाली, "बेन, अमने कोई मारतुं ज नथी," म्हणजे आम्हाला कुणी मारतच नाही. मला तेच म्हणायचं होतं. लहान भावंडाला आई खेळात घ्यायला लावते, मग ते लिंबूटिंबू, त्याला कुणी बाद करत नाही आणि त्याच्यावर राज्यही येत नाही. मी एवढ्या वर्षांनी मैदानावर आले ती लिंबूटिंबू म्हणून खेळायला नव्हे. ज्या खेळात मला बाद करायला कुणी मनापासून धडपडत नाही, त्यात मी बाद झाले नाही याला काय किंमत?

उत्तरायणच्या आदल्या रविवारी, १२ जानेवारीला, उपांत्य सामने होते. पतंग आधीच चढले होते. सकाळी सगळ्यांनी ओळीनं चालत मैदानावरचा मांजा गोळा केला. पायात अडकला तर कापतो, आणि मऊ चेंडूच्या खेळात मांज्यानं जखम व्हावी हे कुणालाच नको होतं.

आमचा शेवटचा डाव होता. फेक चांगली बसली, पाच चकत्या तिथल्या तिथे पडल्या. मग एकेक जण बाद होत गेला. मी हूल देताना बाद झाले, आणि तेही बाईच्या हातून, पोटरीवर. पंचांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं तेव्हा मैदानात एकटे बँकेतले काका उरले होते. साठी ओलांडलेली, बँकेतून निवृत्त, दुपारी कामाटीबागेत फिरायला जाणारे काका. तोवर आम्ही तीन गुणांनी मागे होतो, पण लगोरी लागली असती तर पाच मिळून सामना आमचा. सहा चकत्या लागल्या होत्या, सातवी त्यांच्या हातात. समोरून चेंडू आला. काका उकिडवे बसल्या बसल्या डावीकडे कलंडले, चेंडू त्यांच्या गुडघ्याजवळून मागे गेला, आणि त्यांनी पडता पडता सातवी चकती ठेवली. आमचे सगळे ओरडत आत धावले. एका पंचासमोर काकांची पाठ होती, दुसऱ्याच्या आड राखणारा उभा होता. पंच अजून एकमेकांकडे बघतच होते, तेवढ्यात काकांनी हात वर केला. "पँटला लागला," ते म्हणाले.

सामना गेला. आमच्यातला एक तरुण भिडू रडकुंडीला आला होता. "काका, पंचांनी विचारलंसुद्धा नव्हतं हो."

"विचारलं असतं तर हेच सांगितलं असतं. मग त्यांचा वेळ कशाला घालवायचा?"

मला त्या क्षणी हरल्याचं वाईट वाटलं, खूप वाटलं. आणि काकांच्या संघात असल्याचा अभिमानही तेवढाच. समोरच्या संघाचा कर्णधार येऊन काकांच्या पाया पडला. मोसमभरात नवव्या कलमाखाली पंचांनी ज्याला ज्याला विचारलं, त्यानं काय सांगितलं ते सासूबाईंनी वहीत टिपून ठेवलं होतं. 'लागला' असं उत्तर 'नाही लागला' पेक्षा जास्त वेळा आलं होतं. खोटं बोलतील म्हणणाऱ्यांना त्यांनी ती वही उघडून दाखवली, काही न बोलता.

अंतिम सामन्यात आम्ही नव्हतो, म्हणून मी घड्याळ सांभाळलं. सामना एकतर्फी झाला, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सगळे आधीच संध्याकाळच्या खो-खोबद्दल बोलत होते. संध्याकाळी शेवउसळ मागवली, टीव्ही लावला. भारताची कर्णधार प्रियांका इंगळेच्या संघातल्या मुली धावणाऱ्यांना ज्या वेगानं टिपत होत्या, ते बघताना आमच्यातल्या कुणालाही घास तोंडात घालायची शुद्ध नव्हती. पाठलाग करणारी पूर्ण सूर मारत होती आणि पळणारी जीव तोडून चुकवत होती. कुणी कुणाला सांभाळून घेत नव्हतं. आमच्या संघातली फिजिओथेरपिस्ट म्हणाली, "अकरावं कलम काढायचं." तिथं बसलेल्या सगळ्या बायका हो म्हणाल्या.

फेब्रुवारीत सहाही संघांची बैठक झाली. मी विषय मांडला. मला वाटलं होतं तितका विरोध झाला नाही, पण जो झाला तो मनापासूनचा होता. दुखापतीची भीती खरी होती, त्यामुळे तिचं उत्तर खऱ्या माहितीनं द्यायला हवं होतं. सासूबाईंच्या वहीत प्रत्येक सामन्यात कोण कशामुळे बाहेर बसलं त्याचीही नोंद होती. मोसमात घोटे मुरगळले, एकाची पाठ धरली, एकीच्या कोपराला खरचटलं, दोघं एकमेकांवर आदळले. चेंडू लागून कुणीही बाहेर बसलेलं नव्हतं, बाई नाही आणि पुरुषही नाही. पुरुष तर एकमेकांना पूर्ण जोरानं मारत होते. चेंडू मऊ होता, मार कमरेखालीच धरला जात होता, बाकी काळजी त्या दोन कलमांनी घेतलेली होती. मी एवढंच विचारलं की मग अकराव्यानं कुणाचं रक्षण केलं?

एक कर्णधार म्हणाले, जवळून मारलेला चेंडू मात्र जोरात बसतो, दोन हातांवरून मारला तर वळ उठतो. ते बरोबरच होतं. पण तो वळ काकांच्या पोटरीवरही उठतो. धोका अंतराचा आहे, तर नियमही अंतराचा असावा, असं म्हणत बैठक पुढे सरकली आणि नव्या कलमाचं वाक्य तिथंच तयार झालं. मतं घेतली. चार संघ बाजूनं, दोन विरुद्ध. विरुद्ध गेलेल्या दोन्ही संघांनी पुढच्या मोसमासाठी नावं दिली आहेत, आणि त्यातल्या एकानं तीनऐवजी चार बायका घेतल्या आहेत.

नव्या प्रतीत कलम असं आहे: 'समोरचा खेळाडू दोन मीटरच्या आत असेल तर चेंडू फेकून मारू नये, हातातला चेंडू त्याला टेकवावा. त्याहून अधिक अंतरावरील कोणत्याही खेळाडूवर कोणताही खेळाडू पूर्ण जोराने चेंडू मारू शकतो, मात्र कमरेखाली.' सासूबाईंनी 'कोणत्याही' आणि 'कोणताही' खाली रेघ मारली आहे. प्रती काढून सहाही संघांना दिल्या आहेत. सराव पावसाळ्याआधीच सुरू करतोय, शनिवारी संध्याकाळी, कारण मार मनापासून यायला लागल्यावर चुकवायलाही नव्यानं शिकावं लागणार आहे.